सातासमुद्रापलीकडचे लग्न आणि आपण पाहुणे

पूर्वी लग्नाची पत्रिका आली की शहापूर-मुरबाडच्या व्यापारी घरात पहिला प्रश्न असे तो दुकानावर कोण थांबणार याचा. कल्याणचे लग्न असेल तर दुपारी जाऊन रात्री परत, नाशिक-पुण्याचे असेल तर एक मुक्काम, आणि राजस्थानात किंवा कच्छमध्ये मूळ गावी असेल तर चार दिवसांची बांधाबांध. आता पत्रिकेआधीच मोबाइलवर निरोप येतो : "घरातील सर्वांच्या पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची प्रत पाठवावी." लग्न फुकेतला असते, दुबईला असते, बालीला असते, क्वचित इटलीतही असते. निमंत्रण वाचून आनंद होतो आणि त्याच क्षणी मनात हिशेबही सुरू होतो. हा हिशेब कोणी मोठ्याने बोलून दाखवत नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये विराट कोहली व अनुष्का शर्मा यांचे लग्न इटलीतील टस्कनी प्रांतात झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये दीपिका पदुकोण व रणवीर सिंग यांनी त्याच देशातील लेक कोमोच्या काठी विवाह केला. त्यानंतर या प्रथेची चर्चा घरोघरी पोचली. २६ नोव्हेंबर २०२३ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी परदेशात जाऊन लग्न करण्याची खरोखर गरज आहे का, असा प्रश्न विचारला होता. तो प्रश्न यजमानांसाठी आहे. पाहुण्याला स्थळ निवडण्याचा अधिकार नसतो. जावे की न जावे आणि जायचे तर कसे जावे, एवढेच त्याच्या हाती असते. प्रस्तुत लेख त्या पाहुण्यासाठी आहे. यातील प्रत्येक सूचनेमागे एकच विचार आहे : होकार वेळेवर आणि विचारपूर्वक द्यावा, एकदा दिल्यावर तयारी रोजकीर्द लिहावी तितकी काटेकोर करावी, आणि नकार द्यावा लागला तर तो संकोच न बाळगता द्यावा.

होकार देण्यापूर्वी

अशा लग्नात कोणता खर्च कोणी करायचा याची सर्वत्र एकच रीत नाही. काही यजमान तिकिटापासून व्हिसापर्यंत सर्व भार उचलतात. काही ठिकाणी हॉटेल व भोजन यजमानांकडे आणि विमानाचे तिकीट पाहुण्याकडे असते. संकोचापोटी कोणी विचारत नाही, गैरसमज मात्र वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून निमंत्रण आल्यावर आठवड्याच्या आत, घरातील जाणत्या माणसाने थेट विचारावे : "मामा, तिकिटे आम्ही काढायची की आपल्याकडून येणार? व्हिसा आणि विमा कोणाकडे? त्याप्रमाणे आम्ही तयारीला लागतो." असे विचारण्यात कमीपणा नाही. उलट यजमानांनाही खोल्यांचा आणि जेवणाचा आकडा लवकर कळतो.

त्यानंतर कागद-पेन घेऊन बसावे. पासपोर्ट नवा काढणे वा नूतनीकरण, व्हिसा, तिकीट, प्रवास विमा, विमानतळापर्यंतची जाण्या-येण्याची गाडी, तिकडचा किरकोळ खर्च, कपडे आणि आहेर ही कलमे सर्वांना सुचतात. एक कलम मात्र हटकून राहते, ते म्हणजे दुकान बंद राहिल्याचे नुकसान. चातुर्मास संपल्यावर लग्नसराई सुरू होते आणि कापड, भांडी, सराफी, किराणा या धंद्यांचा हंगामही तोच असतो. पौष पौर्णिमेपासून म्हशाची यात्रा भरते, तेव्हा मुरबाडच्या व्यापाऱ्याला दुकान सोडणे जड जाते. पाच दिवसांचे शटर बंद म्हणजे केवळ पाच दिवसांची विक्री गेली असे होत नाही. सरावाचे गिऱ्हाईकही शेजारच्या दुकानाची पायरी चढते.

या सर्व कलमांची बेरीज घरातील शिलकीतून भागत असेल तर आनंदाने जावे. ती भागवण्यासाठी वैयक्तिक कर्ज घ्यावे लागत असेल, क्रेडिट कार्डाची रक्कम हप्त्यांत पाडावी लागत असेल किंवा दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून उचल करावी लागत असेल, तर जाऊ नये. धंद्याचे खेळते भांडवल माल भरण्यासाठी असते. ते समारंभात गेले की पुढच्या हंगामात मालाची उधारी वाढते आणि व्याजही आपल्याच माथी बसते. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाचे हे सांगणे रूक्ष वाटेल. पण चार दिवसांच्या सोहळ्याचे हप्ते तीन वर्षे फेडणे हा कोणत्याही नात्याचा मान नव्हे.

घरातील सर्वांनीच गेले पाहिजे असेही नाही. घरटी दोघांनी जावे आणि बाकीच्यांनी परतल्यानंतरच्या स्वागत समारंभाला हजेरी लावावी, हा मार्ग दोन्ही बाजूंना सोयीचा पडतो.

पासपोर्ट : तारीख आणि नाव

घरातील प्रत्येक पासपोर्ट आजच कपाटातून काढून त्यावरील मुदत पाहावी. बहुतेक देशांत प्रवेशाच्या दिवशी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी लागते. समजा, लग्न ५ डिसेंबरला आहे आणि पासपोर्ट पुढील वर्षी २० मे रोजी संपतो. पासपोर्ट वैध आहे, तरीही तो उपयोगाचा नाही. अशा प्रवाशाला विमान कंपनी मुंबईतच थांबवू शकते. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. प्रौढांच्या छत्तीस पानी पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे. तात्काळ सेवेसाठी २,००० रुपये अधिक लागतात. आपल्याकडील अर्जदारांना ठाण्यातील पासपोर्ट सेवा केंद्र सोयीचे. त्यानंतरची चौकशी ठाणे ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीतील आपल्या गावच्या ठाण्यातून होते. पोलीस घरी येतील तेव्हा अर्जदार गावात असावा आणि अर्जातला पत्ता खरोखर राहता असावा. दुकानाचा पत्ता एक आणि राहते घर दुसरीकडे, अशी स्थिती आपल्याकडे पुष्कळांची असते. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतचा असतो, त्यामुळे तो नकळत संपलेला आढळतो.

दुसरी अडचण नावाची. लग्नानंतर सुनेचे नाव आधारवर एक, पॅनवर दुसरे आणि पासपोर्टवर माहेरचे असे अनेक घरांत आढळते. तिकीट पासपोर्टवरील नावानेच, अक्षर न अक्षर जुळवून काढावे. यजमानांच्या माणसाने तिकिटे काढली असतील तर आलेल्या प्रतीवर नाव, लिंग आणि जन्मतारीख त्याच दिवशी तपासावी. घरातील काही वयस्क स्त्रियांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असून केवळ एकच नाव असते. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने अशा एकेरी नावाच्या पर्यटकांना प्रवेश बंद केला. दुसऱ्या पानावर वडिलांचे वा कुटुंबाचे नाव असल्यास तेवढी सवलत मिळते. दुबईचे निमंत्रण असेल तर आजींचा पासपोर्ट सर्वांत आधी उघडून पाहावा.

दहावी न झालेल्या व्यक्तींच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शिक्का असतो. तो पाहून अनेक जण घाबरतात. परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्यांना काही देशांकरिता त्यामुळे परवानगी घ्यावी लागते. लग्नाला जाणाऱ्या पाहुण्याला ती लागत नाही. परतीचे तिकीट आणि व्हिसा जवळ असला म्हणजे झाले. पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तीला नूतनीकरणाच्या वेळी हा शिक्का काढून घेता येतो.

देश तसा नियम

थायलंडने भारतीय पर्यटकांना नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसाविना प्रवेश देऊ केला आणि १५ जुलै २०२४ रोजी राहण्याची मुदत साठ दिवसांपर्यंत वाढवली. १ मे २०२५ पासून मात्र प्रत्येक प्रवाशाला पोचण्यापूर्वी तीन दिवसांच्या आत डिजिटल आगमन पत्र भरावे लागते. ते विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ अधिकृत नसते. बालीला उतरल्यावर मिळणाऱ्या व्हिसासाठी पाच लाख रुपिया आणि १४ फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालेला पर्यटन कर दीड लाख रुपिया असे दोन वेगळे भरणे आहेत. आकडे ऐकून दचकू नये, रुपियाचे मूल्य आपल्या रुपयापेक्षा पुष्कळच कमी आहे. दुबईसाठी आधी व्हिसा काढावाच लागतो.

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो. बोटांचे ठसे देण्यासाठी प्रत्येकाला स्वतः केंद्रावर जावे लागते. ठसे पूर्वी दिलेले असतील तर ते ५९ महिने चालतात. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. लग्नसराईत व्हिसा केंद्रांवर गर्दी असते. म्हणून इटलीचे निमंत्रण तीन महिन्यांच्या आत हाती पडले तर होकार देण्यापूर्वी ठसे देण्याची तारीख मिळते का, ते पाहावे.

व्हिसाचे नियम सरकारे अचानक बदलतात. गेल्या वर्षी जाऊन आलेल्या नातेवाइकाचा अनुभव यंदा लागू पडेलच असे नाही. तिकीट काढण्यापूर्वी आणि निघण्याच्या आठवडाभर आधी, असे दोनदा त्या देशाचे अधिकृत संकेतस्थळ पाहावे.

पैसा किती, कसा आणि कोणाच्या नावे

परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासात प्रत्येकी तीन हजार डॉलरपर्यंतच नेता येतात. काही मोजक्या देशांसाठी नियम वेगळे आहेत. याहून अधिक रक्कम फॉरेक्स कार्डावर घ्यावी. चलन विकत घेताना रोखीने पन्नास हजार रुपयांपर्यंतच देता येतात, उरलेले चेकने किंवा खात्यातून द्यावे लागतात, आणि पॅन लागतो. आपले भारतीय रुपये २५ हजारांपर्यंतच बाहेर नेता येतात. परतल्यावर उरलेले चलन १८० दिवसांच्या आत बँकेला परत द्यावे. नोटांच्या रूपात दोन हजार डॉलरपर्यंत जवळ ठेवण्याची मुभा आहे. रोख रक्कम दोघांतिघांत विभागून ठेवावी आणि ज्याच्या खिशात जे आहे ते त्याच्याच नावे घेतलेले असावे.

परदेशी खर्चावर स्रोतावर गोळा होणाऱ्या कराविषयी, म्हणजे टीसीएसविषयी, व्यापारी वर्गात बरेच गैरसमज आहेत. प्रवासखर्चासाठी पाठवलेल्या रकमेवर आर्थिक वर्षात प्रत्येक पॅनमागे एका मर्यादेनंतरच तो लागतो. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून सात लाखांवरून दहा लाख रुपये करण्यात आली. पर्यटन कंपनीकडून घेतलेल्या परदेशी सहलीच्या पॅकेजला वेगळा नियम आहे आणि तो अर्थसंकल्पागणिक बदलत आला आहे, म्हणून रक्कम भरण्यापूर्वी आपल्या सीएंना विचारावे. कापला गेलेला टीसीएस बुडत नाही. तो आपल्या पॅनवर जमा दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो.

कार्डांचा परदेशी वापर २०२० पासून मुळात बंद ठेवलेला असतो. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमधून तो सुरू करावा, मर्यादा ठरवावी आणि परतल्यावर पुन्हा बंद करावा. परदेशी दुकानात कार्ड फिरवताना "रुपयांत देणार की स्थानिक चलनात?" असे यंत्रावर विचारले जाते. नेहमी स्थानिक चलन निवडावे. रुपये निवडले की दुकानदाराच्या बाजूचा दर लागतो आणि तो सहसा महाग पडतो. यूपीआय संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर, श्रीलंका यांसारख्या काही देशांत निवडक ठिकाणी चालते. त्यावरच विसंबून निघू नये. बँकेचा ओटीपी भारतातील क्रमांकावरच येतो, त्यासाठी ते सिम रोमिंगसह चालू ठेवावे.

आहेराचे पाकीट परदेशात नेण्याचे प्रयोजनच नाही. निघण्यापूर्वी किंवा परतल्यावर यजमानांच्या घरी जाऊन, शक्यतो चेकने द्यावे. लग्नानिमित्त वधूवरांना मिळालेल्या भेटीवर आयकर नाही. तथापि, एका प्रसंगानिमित्त एका व्यक्तीकडून दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. लग्नघरातही हा नियम लागू असतो.

दागिने आणि दुसऱ्याचे सामान

आपल्या घरच्या लग्नात सोने अंगावर असणारच. भारतातून नेलेले दागिने परत आणताना ते "तिकडे घेतलेले नाहीत" हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रवाशावर येते. वीस किंवा चाळीस ग्रॅम दागिन्यांच्या करमाफीविषयी आपण ऐकतो. पण ती एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्यांसाठी आहे, चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी नव्हे. यावर उपाय आहे. निघताना, सामान विमान कंपनीकडे देण्यापूर्वी, विमानतळावरील कस्टम्स अधिकाऱ्याला दागिने दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. सोबत सराफाची बिले किंवा मान्यताप्राप्त मूल्यांककाचा दाखला, वजन आणि छायाचित्रे असावीत. यासाठी तासभर वेळ जास्तीचा धरावा. परतीच्या वेळी तोच कागद दाखवावा. वडिलोपार्जित दागिन्यांची बिले नसतात, तेव्हा मूल्यांकन आठवडाभर आधी करून घ्यावे. दागिने हातातल्या पिशवीतच ठेवावेत, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत कधीही ठेवू नयेत. सर्वांत बरे म्हणजे मोजके नेऊन बाकीचे लॉकरमध्ये राहू द्यावेत.

याहून नाजूक बाब यजमानांच्या सामानाची. वजनाची मर्यादा सांभाळण्यासाठी यजमान घरच्या पाहुण्यांना सांगतात, "ही एक पेटी तेवढी तुमच्या बॅगेत घाला." नात्याच्या भिडेमुळे नकार देणे कठीण जाते. परंतु बॅग ज्याच्या नावावर, त्यातील प्रत्येक वस्तूचा जबाब त्याला द्यावा लागतो. पेटीत साड्या असतील तर उघडून पाहाव्यात आणि मग न्याव्यात. सोने, चांदी, रोख रक्कम किंवा बंद पाकीट असेल तर नम्रपणे सांगावे : "काका, सेवेला कमी पडणार नाही, पण हे आपल्याच बॅगेत आपल्याच कागदपत्रांसह राहू द्या." परतताना दुबईहून कोणी "एवढे सोने आपल्याकडे ठेवा" म्हटले तर तेथे भीड पूर्णच सोडावी. लग्नाचा आनंद आठवड्यात ओसरतो. कस्टम्सचे प्रकरण मात्र वर्षे चालते.

सामानातील दोन वस्तूंकडे विशेष लक्ष द्यावे. शुभकार्यासाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेण्याची आपल्याकडे रीत आहे. खोबऱ्यातील तेलामुळे ते पेट घेऊ शकते, म्हणून विमानाच्या पोटातील सामानात त्याला बंदी आहे. मसाल्यातील खसखस संयुक्त अरब अमिरातीत निषिद्ध पदार्थांत मोडते. ती गरम मसाल्याच्या डब्यातही असू नये. पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीतच न्यावी लागते.

आहार, सूर्यास्त आणि आचार

परदेशातील लग्नात पाळणाऱ्या कुटुंबाची खरी कसोटी भोजनात लागते. विमानात 'जैन जेवण' मिळते, पण ते आपोआप येत नाही. तिकिटावर 'व्हीजेएमएल' या संकेताने, बहुतेक कंपन्यांत किमान चोवीस तास आधी, नोंदवावे लागते. 'एव्हीएमएल' हे साधे भारतीय शाकाहारी जेवण होय. त्यात कांदा-बटाटा असू शकतो. स्वस्त विमानांत काही वेळा जेवणच नसते, म्हणून खाखरा, भाजलेले चणे, सुका मेवा जवळ ठेवावा.

चौविहार करणाऱ्यांनी त्या गावचा सूर्यास्त आधी पाहावा. डिसेंबरात दुबईला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. बँकॉक दीड तास पुढे, बाली अडीच तास पुढे. लग्नाचे मुख्य जेवण मात्र बहुधा रात्री आठनंतर असते. यास्तव पाहुण्याने होकार कळवतानाच लिहून द्यावे : चौविहारी किती, नवकारशी करणारे किती, उकाळलेले पाणी पिणारे किती, प्रवासाच्या तारखांत आठम वा चौदस येते का. ही माहिती महिनाभर आधी गेली तर यजमान सूर्यास्तापूर्वीच्या पंगतीची सोय करू शकतात. ऐन मांडवात सांगितली तर दोघांचीही पंचाईत होते. उन्हाळ्यातील युरोपात उलट प्रकार असतो. तेथे रात्री नऊच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि चौविहार सोपा जातो.

हॉटेलाबाहेर जेवायचे असेल तर 'व्हेजिटेरियन' या शब्दावर विसंबू नये. थायलंडमध्ये भाजीतही मासळीचे सॉस, कोळंबीची पेस्ट घालण्याची पद्धत आहे, बालीतही तसेच. थायलंडमध्ये 'जे' नावाची एक आहारपद्धती आहे. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तिची खूण असते. त्यात मांस, अंडी, दूध यांच्याबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो. बटाटा, गाजर मात्र चालते, म्हणून कंदमुळाविषयी वेगळे विचारावेच लागते. इटलीत पार्मेजानसारखे चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात आणि पुष्कळ गोड पदार्थांत जिलेटिन असते. ते पदार्थ दिसायला शाकाहारी असले तरी आपल्यासाठी नाहीत.

घरून खाऊ नेण्यालाही मर्यादा आहेत. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे, बर्फी, तुपातील मिठाई इटलीच्या बॅगेत भरू नये. तेथे खाखरा, चुरमुरे, सुका मेवा बरा. खोलीतील किटली पूर्वी कशासाठी वापरली गेली हे कळत नाही. पाळणाऱ्यांनी आपली छोटी स्टीलची किटली न्यावी आणि दुबईसाठी तीन चौकोनी पिनांचा ॲडाप्टर सोबत ठेवावा.

परक्या देशाचा आदर हाही आचाराचाच भाग आहे. थायलंडमध्ये राजघराण्याविषयी अवमानकारक बोलणे हा तीन ते पंधरा वर्षे तुरुंगवासाचा गुन्हा आहे. बुद्धमूर्तीसमोर थट्टेची छायाचित्रे काढू नयेत. अमिरातीत दुसऱ्याचे छायाचित्र त्याच्या संमतीविना काढणे कायद्याने दंडनीय आहे. वरातीचे चित्रीकरण करणाऱ्या तरुणांना ही गोष्ट आधीच सांगावी.

वडीलधाऱ्यांची काळजी

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेल्या वडीलधाऱ्यांना न्यायचे असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आपला नेहमीचा आरोग्य विमा सहसा परदेशी चालत नाही. स्वतंत्र प्रवास विमा काढावा आणि त्यात जुने आजार लपवू नयेत. लपवलेला आजार दावा नाकारण्याचे कारण ठरतो. औषधे मूळ पाकिटात, प्रवासाच्या दिवसांहून आठवडाभर अधिक, हातातल्या पिशवीत ठेवावीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव असावे. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधे अमिरातीत नियंत्रित आहेत. ती परवानगीविना नेऊ नयेत. चालण्याचा त्रास असेल तर व्हीलचेअर तिकिटाबरोबरच नोंदवावी.

घर ते विमानतळ

शहापूरहून आणि मुरबाडहून निघणाऱ्यांनी तिकिटावरील विमानतळाचे नाव नीट वाचावे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाल्याने आता "मुंबई" म्हणजे कोणते विमानतळ, हा प्रश्न पडू लागला आहे. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी आमण्यापर्यंत खुला झाला. पण आमण्यापुढे भिवंडी-ठाण्याची वाहतूक आणि मुरबाडकरांसाठी कल्याण ओलांडणे हे वेळखाऊच आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणापूर्वी तीन तास पोचायचे, त्यात दागिन्यांच्या प्रमाणपत्राचा एक तास आणि रस्त्याचे तीन तास धरून घर सोडावे. दुकान सोडताना जीएसटीच्या तारखा, म्हणजे महिन्याची अकरा आणि वीस, पाहाव्यात. चेकांची वटवणूक आणि पुरवठादारांची देणी आधी लावून द्यावीत. पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि तिकीट यांच्या प्रती घरी थांबणाऱ्या एका व्यक्तीकडे ठेवाव्यात. पासपोर्ट हरवल्यास तेथील भारतीय दूतावासात याच प्रती कामी येतात.

यजमानांस विनंती

यजमानांस एवढीच विनंती की, निमंत्रणासोबत कोणता खर्च आपला आणि कोणता पाहुण्याचा हे स्वच्छ लिहावे, म्हणजे कोणाला विचारण्याचा संकोच उरणार नाही. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने सामूहिक विवाहांचा पुरस्कार केला. लग्नाच्या खर्चाने कुटुंब वाकू नये ही त्यामागची तळमळ होती. परदेशी लग्न करणाऱ्या घरानेही त्या तळमळीचा थोडा अंश राखावा. ज्या आत्यांना गुडघ्यांमुळे, ज्या काकांना दुकानामुळे आणि ज्या साधर्मिक बांधवाला परिस्थितीमुळे येता आले नाही, त्यांच्यासाठी परतल्यावर मानस मंदिरात वधूवरांचे दर्शन आणि गावात सूर्यास्तापूर्वी एक साधी पंगत ठेवावी. ती पंगत फुकेतच्या भोजनापेक्षा अधिक काळ लक्षात राहील.

पाहुण्यांनीही मनाशी पक्के धरावे की, न जाणारा नातेवाईक कमी आपला ठरत नाही. परिस्थिती पाहून दिलेला नकार, वेळेवर कळवलेला नकार आणि त्यासोबत पाठवलेला मनापासूनचा आशीर्वाद हाही निमंत्रणाचा मानच आहे. जे जातील त्यांनी पूर्ण तयारीने जावे आणि आपल्या आचाराचा व वागणुकीचा चांगला ठसा तेथे उमटवून सुखरूप परतावे. जय जिनेंद्र.